आबांच्या फियाटची रास्त किंमत

गणपतीच्या जेवणात परातीत एकच होळिगे उरली आणि तिच्यावर दोन पोरांनी एकाच वेळी हात ठेवला, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली. होळिगे म्हणजे पुरणपोळीच. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत तिचं नाव बदललं, तिच्यावरून होणारी भांडणं बदलली नाहीत. एक हात जयसिंगरावांच्या नातीचा, भव्याचा होता. दुसरा त्यांच्या धाकट्या भावाच्या नातवाचा, शंभूराजचा. दोघांनाही भूक नव्हती, त्यामुळे कुणीच माघार घेईना. भूक असली की माणूस तडजोड करतो.

जयसिंगराव गणिताचे मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवृत्ती शाळेनं दिली होती, गणितानं नव्हे. त्यांनी आवाज न चढवता निवाडा केला. "भव्या, तू तोड. शंभू, तू उचल."

भव्यानं डोळे बारीक केले. होळिगेच्या मधोमध बोट ठेवलं, ते जरा डावीकडे सरकवलं, पुन्हा उजवीकडे आणलं. एक तुकडा मोठा झाला तर तो शंभू पळवणार, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिनं तुकडे असे केले की कुठला उचलावा हे शंभूला कळेना. जयसिंगरावांना फार बरं वाटलं. मुलांना न्याय शिकवायचा तर व्याख्या सांगू नये, होळिगे द्यावी, असं त्यांचं मत होतं.

त्यांचे धाकटे भाऊ भगवंतराव शेजारी सुपारी कातरत हे सगळं पाहत होते. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात त्यांचं कांद्या-बटाट्याचं दुकान. ते म्हणाले, "अण्णा, आबांच्या गाडीचं पण असंच करू या की."

वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले.

आबा म्हणजे दोघांचे वडील. ते गेले तेव्हा मागं जे काही होतं त्याची वाटणी थोरल्या जयसिंगरावांनीच केली होती. दोन रकाने आखले, भांड्यांपासून चांदीपर्यंत सगळं लिहिलं, बेरजा जुळवल्या. कुणीही तक्रार केली नाही. मग कुठल्याशा लग्नात भगवंतराव कुणाला तरी म्हणाले, "अण्णाचं गणित कधी चुकत नाही. फक्त उत्तर नेहमी अण्णाच्या बाजूचं येतं." हे वाक्य आणखी दोन-तीन लग्नं जेवून जयसिंगरावांच्या कानावर आलं. ते भावाला काहीच बोलले नाहीत. पण तेव्हापासून कुठलीही बेरीज करताना आपल्या मागं उभं राहून कुणीतरी बघतंय, असं त्यांना वाटू लागलं होतं.

वाटणीत बसली नव्हती ती एकच वस्तू: आबांची फियाट. ती इंदिरानगरला जयसिंगरावांच्या घराच्या पोर्चमध्ये उभी होती. भांडी वाटता येतात, गाडी वाटता येत नाही.

"असंच म्हणजे कसं?" जयसिंगरावांनी विचारलं.

"किंमत तू सांग. त्या किमतीचे अर्धे तुला देऊन गाडी घ्यायची, का गाडी तुला ठेवून अर्धे पैसे घ्यायचे, ते मी ठरवतो. दसऱ्याच्या आयुधपूजेला सांग. तवर विचार कर."

आता यात मेख होती, आणि मास्तरांना ती लगेच दिसली. किंमत चढी सांगितली तर भगवंता पैसे मागणार आणि अण्णाला खिशातून जास्त मोजावे लागणार. उतरती सांगितली तर भगवंता गाडी घेऊन जाणार आणि अण्णाला कमी मिळणार. बरोबर मधली, रास्त किंमत सांगितली तरच सांगणाऱ्याचं नुकसान नाही. हा न्याय त्यांनी स्वतःच आत्ता पोरांना शिकवला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

"सरी," जयसिंगराव कानडीत होकार देत म्हणाले. "रास्त किंमत सांगतो. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही."

त्यांच्या पत्नी सोयराबाई हे ऐकून आत निघून गेल्या. पुढं काय होणार ते त्यांना लग्नाच्या अनुभवावरून कळलं होतं.

*

जयसिंगरावांच्या वरच्या मजल्यावर वासुदेव आणि सुचेता भाड्यानं राहत. दोघं पुण्याचे. वासुदेव सॉफ्टवेअरमध्ये होता आणि घरी त्यानं स्वतःचा कॉम्प्युटर आणला होता, जो बघायला पहिल्या महिन्यात गल्लीतले सगळे जाऊन आले होते. प्रश्न ऐकून तो इतका खूश झाला की त्यानं चहा अर्धा सोडला.

"काका, हा क्लासिक प्रॉब्लेम आहे. आपण स्प्रेडशीट करू. आबांनी गाडी केवढ्याला घेतली होती?"

"वीस हजार. बहात्तर साली."

"आणि आता शहाण्णव. म्हणजे चोवीस वर्षं. दर वर्षी मूळ किमतीच्या दहा टक्के डिप्रिसिएशन धरू." त्यानं बटणं दाबली आणि पडद्याकडे बघत राहिला. "काका, उणे अठ्ठावीस हजार."

"उणे?"

"म्हणजे थिऑरेटिकली, गाडी घेणाऱ्याला तुम्हीच अठ्ठावीस हजार द्यायचे."

जयसिंगरावांनी गणित मनात करून पाहिलं. ते बरोबर होतं, हेच वाईट होतं. चुकीचं गणित त्यांना कधी घाबरवत नसे. बरोबर गणितानं चुकीचं उत्तर आलं की त्यांची झोप उडे. आबा शेवटची किती वर्षं तोट्यात फिरत होते, हेही मग आपोआप निघालं. ब्याऐंशी साली गाडीची किंमत शून्य झाली होती. त्यानंतर त्याच गाडीतून घरातली दोन लग्नं आणि एक बाळंतपण पार पडलं होतं.

"मग महागाई मिळवू," वासुदेव म्हणाला, आणि मिळवली. आता गाडी दीड लाखाच्या पुढं गेली.

"दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असणार," सुचेता समजुतीनं म्हणाली.

उणे अठ्ठावीस हजार आणि दीड लाख यांच्यामध्ये जगातल्या बहुतेक सगळ्या वस्तू बसतात, असं जयसिंगरावांच्या ओठांवर आलं होतं. पण पोरगी भाड्याच्या तारखेला कधी चुकत नसे, म्हणून त्यांनी ते गिळलं.

*

बाजारभाव म्हणजे बाजारातला भाव, हे मूळ तत्त्व धरून जयसिंगराव वर्तमानपत्रातल्या जाहिरातींकडे वळले. जुन्या फियाटी विकायला काढलेल्या पुष्कळ होत्या, पण प्रत्येकीत किंमत सोडून सगळं लिहिलेलं असे. कुणाची गाडी डॉक्टरांनी वापरलेली, कुणाची फक्त रविवारी देवळात जाणारी. तेव्हा त्यांनी फोन करायला सुरुवात केली. खोटं बोलायचं नाही, असं ठरवूनच ते बसले होते. "तुमच्या गाडीबद्दल चौकशी करायची होती," एवढंच ते म्हणत, आणि हे शब्दशः खरं होतं.

पण शब्दशः खरं बोलणाऱ्याचेही हाल होतात. मल्लेश्वरमच्या एका निवृत्त गृहस्थांशी ते फारच चांगलं बोलले. गाडी कधी घेतली, आजवर किती मुलांना शाळेत सोडलं, सगळं आस्थेनं विचारलं. मास्तरांना सवयच होती ती. विद्यार्थी बोलता झाला की ते मध्ये तोडत नसत. शनिवारी सकाळी ते गृहस्थ स्वतःची पांढरी फियाट घेऊन दारात हजर झाले. बरोबर पत्नी आणि म्हैसूरपाकाचा डबा.

"आमच्या गाडीला चांगलं घर मिळतंय, हे महत्त्वाचं," ते इंग्रजीत म्हणाले.

सोयराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पोर्चमध्ये एक फियाट होतीच. फाटकात आता दुसरी उभी होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, एक विकायला काढली होती ना आपण?"

जयसिंगरावांनी खरी गोष्ट सांगितली. हळूहळू, पायरीपायरीनं, जशी ते वर्गात सांगत. भाऊ, होळिगे, रास्त किंमत. त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला फक्त आकडा हवा होता."

एवढं बोलून दोघं गेले. म्हैसूरपाकाचा डबा मात्र ठेवून गेले, आणि हे फार लागलं. पुढं आठवडाभर त्या म्हैसूरपाकाला घरात कुणी हात लावला नाही. शेवटी वासुदेवनं तो संपवला.

*

शिवाजीनगरचा गुंडो मेस्त्री आबांच्या वेळेपासून गाडीला ओळखत होता. त्याच्याकडे गेलं की निदान उणे उत्तर येणार नाही, एवढी जयसिंगरावांची खात्री होती. गुंडोनं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, डोळे मिटून ऐकलं.

"बोलत्येय," तो म्हणाला. "पण काय बोलत्येय ते सायलेन्सर काढल्याबगर कळंना."

"मला दुरुस्ती नको. किंमत सांग."

"किंमतच सांगायलोय की सर. सायलेन्सर गेलाय म्हणून धरू, का चांगलाय म्हणून धरू? कार्बोरेटर कसा धरू? उगं अंदाजानं सांगितलं तर तुम्हीच रागावशीला."

यात तर्क होता, आणि तर्क दिसला की जयसिंगरावांचा विरोध गळून पडत असे. त्यांनी सायलेन्सर काढायला संमती दिली. काढलेला परत बसेना, तेव्हा नवा घ्यावा लागला. नवा बसला तर इंजिन इतकं शांत झालं की आतली दुसरी एक खडखड ऐकू येऊ लागली. ती जुन्या आवाजाखाली कित्येक वर्षं झाकलेली होती. मग कार्बोरेटर उघडला. उघडलाच आहे तर क्लचपण बघू, असं गुंडो म्हणाला.

प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "आता हिची किंमत वाढली बघा."

"किती झाली?"

"ते गिअरबॉक्स उघडल्यावर सांगतो."

इथं जयसिंगरावांना रात्रंदिवस एक प्रश्न पोखरू लागला. गाडी मोजायला घेतली तेव्हाची गाडी आता राहिलीच नव्हती. मोजण्यासाठी हात लावला की ती बदलत होती, आणि बदलली की पुन्हा मोजावी लागत होती. शाळेत फळ्याची लांबी मोजताना फळा वाढत गेला असता तर मुलांनी काय केलं असतं? शिवाय दुरुस्तीचा खर्च किमतीत धरायचा का? धरला तर भगवंता म्हणणार, अण्णानं किंमत वाढवून ठेवली. न धरला तर गाडी त्याला स्वस्तात जाणार. शेवटी त्यांनी सगळा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून करायचं ठरवलं आणि सोयराबाईंना सांगितलं नाही. सोयराबाईंनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त कॉफीतलं दूध कमी केलं.

गुंडोनं एक वेगळाच सल्ला दिला. "खरं सांगू काय सर, चालू गाडी म्हणून हिला जेवढं येतंय, त्याच्यापेक्षा भंगारवाला जास्त देईल. पत्रा जुना, जड. किलोवर घालायची."

आबांना किलोवर घालायचं, असंच काहीतरी जयसिंगरावांना ऐकू आलं. ते दोन दिवस गुंडोशी बोलले नाहीत. पण गाडी त्याच्याकडेच उघडून पडली होती, म्हणून अबोला सोडावा लागला.

*

शेवटी त्यांना सुचलं की सरकारला तर ठाऊक असेल. गाडीचे कागद अजून आबांच्याच नावावर होते, तेही एकदा बघून घेऊ, म्हणून ते वाहनांच्या कचेरीत गेले. पंख्याखालच्या खिडकीतल्या कारकुनानं पुस्तक चाळलं. माणूस सौजन्यशील होता. त्रास देणारा सौजन्यशील असला की भांडताही येत नाही.

"सर, यात गाडीचा रंग करडा आहे."

"आता निळा आहे. वडिलांनी बदलून घेतला होता."

"तर मग ही ती गाडी नाही."

"हीच ती गाडी आहे."

"असेल सर. पण पुस्तकातली करडी आहे. तुम्ही एक तर गाडी करडी करून आणा, नाही तर पुस्तकात निळी करून घ्या. निळी करायची तर गाडी इथं आणून दाखवावी लागेल."

गाडी त्या वेळी शिवाजीनगरात चार विटांवर उभी होती. जयसिंगरावांनी दीर्घ श्वास घेतला आणि ज्यासाठी आले होते ते विचारलं. "बरं, तिची किंमत काय धरतात?"

"ते तुम्ही लिहायचं सर. या रकान्यात."

"पण रास्त किती?"

कारकुनानं कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला. "सर, रास्त असा रकाना नाही."

ते वाक्य जयसिंगरावांना घरापर्यंत बसमध्ये पुरलं.

*

दसरा जवळ आला. गुंडोनं गाडी जोडून इंदिरानगरला परत आणून दिली. आयुधपूजेला बेंगळुरात चाकावर चालणारी प्रत्येक वस्तू धुतली जाते. बसला केळीचे खांब बांधतात, रिक्षाला झेंडूचे हार घालतात, सायकलीलाही कुंकू लागतं. गाडीपुढं कोहळा फोडतात, चाकांखाली लिंबं ठेवतात आणि मालकानं गाडी त्यांच्यावरून पुढं घ्यायची असते. आबांच्या हयातीत दोन्ही भाऊ या पूजेला हजर असत, आणि ही रीत भगवंतरावांनी यंदाही मोडली नाही. ते सकाळीच आले, खांद्यावर पंचा, हातात पैशांची कापडी पिशवी. कुठलाही निर्णय घ्यायची तयारी ठेवून येणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता.

जयसिंगरावांकडे अखेर आकडा तयार होता. फोनवर कळलेल्या किमतींची सरासरी, गुंडोनं शेवटी एकदाचा सांगितलेला अंदाज, भंगाराचा भाव, यांची मोट बांधून, खर्चाचा काही भाग वजा घालून, वासुदेवची उणे किंमत बऱ्याच विचारांती बाद करून त्यांनी तो काढला होता. एकतीस हजार सहाशे सदतीस. घसा साफ करून, वर्गात म्हणत तसं ते म्हणू लागले, "तर आबांच्या गाडीची किंमत..."

"अण्णा, हळू," भगवंतराव म्हणाले. "भाव असा गल्लीत वाचून दाखवतात काय?" आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकला.

जुने व्यापारी भाव असा पंच्याखाली बोटांनी सांगतात. किती बोटं धरली ते दोघांनाच कळतं, बघणाऱ्यांना नाही. जयसिंगरावांनी भावाची तीन बोटं धरली, तीस. मग एक, एकतीस. मग ते थांबले.

"पुढं?" भगवंतराव म्हणाले.

"सहाशे सदतीस कसं सांगू?"

"सदतीस कुठल्या बोटात बसवायचे? बाजारात पाव असतो, अर्धा असतो. सदतीस नसतात."

जयसिंगरावांनी डोळे मिटून अर्धं बोट धरलं. साडेएकतीस. एवढ्या कष्टांनी काढलेले एकशे सदतीस रुपये त्या पंच्यात राहून गेले. पंचा उचलला. भगवंतराव बराच वेळ गाडीकडे बघत उभे राहिले. कुठला तुकडा उचलावा, ते त्यांना कळत नव्हतं, हे जयसिंगरावांना स्पष्ट दिसलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

"पूजा होऊ दे," भगवंतराव म्हणाले. "मग सांगतो."

पूजा झाली. कोहळा फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी मात्र सुरू होईना. पहाटे जयसिंगरावांनी ती मनापासून धुतली होती, आणि मनापासून म्हणजे बॉनेटच्या आतूनसुद्धा, पाइपानं. प्रसादाला आलेला गुंडो आत डोकावून म्हणाला, "आंघोळ जरा आतपर्यंत गेली. वाळायला ऊन पाहिजे."

मुहूर्त उन्हाची वाट बघत नाही. ढकलायचं ठरलं. पण चालकाच्या जागी कोण? मालक बसतो, आणि मालक अजून ठरायचा होता. दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा जयसिंगराव म्हणाले, "सोयरा, तू बैस. काही करायचं नाही. चाक फक्त सरळ धरायचं."

सोयराबाई आयुष्यात प्रथमच त्या जागेवर बसल्या. मागून दोघे भाऊ, वासुदेव आणि गुंडो लागले. लिंबं फुटली, सगळ्यांनी हात जोडले. पण पोर्चच्या पुढं रस्त्यापर्यंत उतार होता. हात जोडायला सोडलेली गाडी आपली आपण निघाली. फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या दिव्याच्या खांबाला जाऊन टेकली. आवाज फार मोठा झाला नाही. पत्रा आणि काच मिळून जेवढं बोलतात तेवढाच.

सगळे धावले. सोयराबाई दोन्ही हातांनी चाक धरून तशाच बसल्या होत्या.

"अगं, वळवायचं नाही का?" जयसिंगराव म्हणाले.

"तुम्ही सरळ धरायला सांगितलं होतं. मी सरळच धरलं."

सूचना अपुरी दिली की उत्तर चुकतं, आणि दोष सूचना देणाऱ्याचा असतो, हे जयसिंगरावांनी शेकडो पालकांना सांगितलं होतं. त्यांनी वाकून गाडीचं तोंड पाहिलं. उजवा दिवा गेला होता आणि मडगार्ड आत चेपलं होतं. गणपतीपासून त्यांनी ज्या गाडीची किंमत काढली, ती गाडी आता दुसरीच झाली होती.

"भगवंता," ते फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "तू निवड करायच्या आधीच हे झालं. मगाची किंमत रास्त राहिली नाही. मला नवीन काढावी लागेल. थोडे दिवस दे."

भगवंतरावांनी भावाकडे पाहिलं. अण्णाचा सदरा खांद्यावर ढगळ झाला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गाडीतून उतरून मागं उभ्या असलेल्या सोयराबाईंनी 'थोडे दिवस' ऐकून कपाळाला हात लावला होता.

"नको," भगवंतराव म्हणाले. "मी गाडी घेतो. पंच्याखाली ठरलं त्याच भावानं."

"अरे, पण आता ती तेवढ्याची नाही. तुला जास्त पडते."

"पंच्याखालचा भाव पुन्हा बोलत नाहीत अण्णा. बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही." त्यांनी कापडी पिशवीतून नोटांची पुडकी काढून जयसिंगरावांच्या हातात ठेवली. "हे तुझे अर्धे."

"तसं कसं? ठोकर बसली त्याचे वजा घालायला पाहिजेत."

"किती?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चारी बाजूंनी तोंडं उघडली. वासुदेव म्हणाला, "काका, डॅमेजचं एक सिंपल मॉडेल करता येईल, दोन तासांत." गुंडो खांबापाशी वाकून म्हणाला, "मडगार्ड काढल्याबगर आतलं कळंना." समोरच्या घरातले गृहस्थ, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या मेव्हण्याच्या गाडीचा दिवा केवढ्याला पडला ते सांगू लागले. सुचेता म्हणाली की पावसाळ्यानंतर पत्र्याचे दर थोडे उतरतात म्हणे.

जयसिंगरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. नव्हे, त्यांच्याकडे बघितलं. ऐकलं असं म्हणता येणार नाही. मग त्यांनी पुडक्यांत बोटं घातली आणि हाताला आल्या तेवढ्या नोटा ओढून काढल्या, न बघता. त्या भगवंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या. उरलेल्या स्वतःच्या खिशात घातल्या, तशाच, न मोजता.

"हे त्या दिव्याचे," ते म्हणाले.

भगवंतरावांनी खिशाकडे पाहिलं नाही. नुसता वरून हात ठेवला. गाडी उन्हात तासाभरानं सुरू झाली आणि ते एका दिव्यानिशी यशवंतपूरला निघून गेले.

त्यामुळे आबांच्या फियाटची किंमत शेवटी किती ठरली, हे कुणालाच सांगता येईना. वासुदेवच्या पडद्यावर तो एक चौकोन रिकामा राहिला, आणि रिकामा चौकोन त्याला झोपू देईना. त्यानं खाली येऊन विचारलं, "काका, फायनल फिगर काय टाकू?"

"मी मोजले नाहीत," जयसिंगराव पेपरामागून म्हणाले. "भगवंतानं मोजले असतील. त्याला फोन कर."

वासुदेवनं तिथूनच फोन लावला. बोलणं थोडक्यात संपलं. फोन खाली ठेवून तो गोंधळून म्हणाला, "त्यांनीही मोजले नाहीत. म्हणाले, अण्णानं दिलेले पैसे कुणी मोजतं काय?"

पेपर खाली आला नाही. त्या दिवशी तेवढं एकच पान वाचायला जयसिंगरावांना बराच वेळ लागला.